ओढांक सहा

कडू बदामासारखा वास आला तर जागा सोडा. वास आला नाही तरी सायरन वाजताच जागा सोडा. बऱ्याच माणसांना हा वास जन्मापासूनच येत नाही, आणि आपण त्यांतले आहोत हे त्यांना माहीत नसतं.

*

"खांदा आधी. पाय मागून. पाय आधी पडला की सोंग समजून येते."

*

वाऱ्याची दिशा दाखवणारी कंपनीची पिशवी माकडांनी तीनदा फाडली. चौथी गावातल्या टेलरने लग्नाच्या मांडवाच्या उरलेल्या कापडातून शिवली. ती केशरी आहे आणि अजून टिकून आहे.

*

उताऱ्याचं इंजेक्शन गडद लाल असतं. दिल्यावर रोग्याची कातडी आठवडा-दोन आठवडे लालसर दिसते. नातेवाइकांनी घाबरू नये.

*

कॉलनीच्या नळावर भूमिता पटले : "सासूनं आम्हा नवराबायकोले वेगळं केलं जी. हे ए शिफ्टला, मी बी शिफ्टला. तुमचं काय, ताई? अजून एकाच शिफ्टमध्ये का?"

*

ड्युटी चार्ट, ए शिफ्ट. लोमेश रहांगडाले, टाक्या. हेमेश्वरी रहांगडाले, बचाव कक्ष.

*

भंडाऱ्याच्या पूर्वेला पिपरटोल्यात सोनं निघालं त्याला नऊ वर्षं झाली. सोनं म्हणजे हातात घेऊन पाहावं असं नव्हे. एक टन दगडात दोन ग्रॅम. दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवून चिखल करायचा, आणि त्या चिखलात सोडियम सायनाइड सोडायचं. सायनाइड सोन्याचा कण विरघळवून पाण्यात आणतं. चिखलात चुना भरपूर असतो तोवर सायनाइड पाण्यातच राहतं. चुना कमी पडला, किंवा कुठून तरी आम्ल शिरलं, तर त्याचा वायू होतो. हा वायू शरीरात गेला की पेशींना रक्तातला प्राणवायू वापरता येत नाही. छाती चालू असते, आजूबाजूला हवा असते, आणि माणूस आतल्या आत गुदमरतो.

याची तयारी पिपरटोल्याच्या खाणीने केलेली होती. चुन्याच्या गोण्या, डोळे धुवायचे फवारे, पाठीवर घ्यायचे हवेचे संच, लाल इंजेक्शनं. तयारी नव्हती ती दुसऱ्या माणसाची. अशा अपघातांमध्ये जगभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती : खड्ड्यात मेलेल्यांपैकी पहिला एकटाच अपघाताने मेलेला असतो. बाकीचे त्याला काढायला गेलेले असतात.

म्हणून नियम होता. संच चढवल्याशिवाय, जोडीदार घेतल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही. या सगळ्याला उत्तम सराव असेल तर चार मिनिटं लागतात. चार मिनिटं बाहेर थांबायचं. हा नियम भिंतीवर लिहिलेला होता, आणि नवरा खाली पडलेला दिसत असताना कोणती बाई भिंत वाचते, असं कामगार म्हणायचे.

मग यंत्र आलं. त्याचं कंपनीतलं नाव 'सहचाल'. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी. महिन्यातून तीन-चारदा, न सांगता, बहुतेक शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टची माणसं आवारात असतील तेव्हा सायरन वाजायचा. सराव की खरं, हे एकट्या यंत्राला माहीत. सायरननंतर माणूस विचार करायला लागतो त्याच्या आधी, पहिल्या दीड सेकंदात, त्याचं शरीर कुठे तरी झुकतं. पट्ट्या ते झुकणं टिपायच्या. वीस-पंचवीस सराव झाले की कोणाचं शरीर कोणाकडे झुकतं याचं जाळं तयार व्हायचं आणि त्यातून आकडा निघायचा, शून्य ते शंभर. ओढांक. ज्यांचा एकमेकांकडे ओढांक साठाच्या वर, त्यांना एका शिफ्टमध्ये ठेवायचं नाही. म्हणजे एक पडला तर दुसरा त्याच्यामागे उडी मारायला हजरच नसेल.

आकडे गुप्त होते, पण चार्ट दारावर लागायचा. पहिला चार्ट लागला त्या दिवशी कॉलनीने तो कसा वाचायचा हे ठरवून टाकलं. वेगळे केलेले नवराबायको म्हणजे जीव लावणारे. एकत्र ठेवलेले म्हणजे, काय बोलायचं. घरात कोण कोणाकडे पाहतं यावर लक्ष ठेवणाऱ्या त्या यंत्राचं नाव आठवड्याभरात 'सासू' पडलं.

एकत्र ठेवलेली जोडपी अकरा होती. नंतर नऊ झाली, मग चार, मग एक.

*

"तुम्हाला बचाव पथकाची प्रमुख करतोय," सुरक्षा अधिकारी नाकाडे मॅडम हेमेश्वरीला म्हणाल्या. "तुमचा सगळ्यांकडचा ओढांक कमी आहे. असं माणूस मिळत नाही."

"सगळ्यांकडचा म्हणजे?"

मॅडमनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. "हे सांगायचं नसतं."

"मिस्टरांकडचा किती आहे?"

"हेमेश्वरीताई, हा प्रेमाचा आकडा नाही. खांद्याचा कोन आहे."

"किती आहे पण?"

"सहा."

त्या खोलीत वातानुकूलन चालू होतं. हेमेश्वरीने पदर खांद्यावर ओढला. "आणि त्यांचा माझ्याकडे?"

"एकेचाळीस."

तिने जबाबदारी घेतली. पत्रावर सही केली. घरी येऊन भाकरी टाकल्या. लोमेशला तिने पथकाचं सांगितलं, आकड्यांचं नाही. पण पथकात कोणाला घेतात हे कॉलनीत कधीच पोचलेलं होतं.

"प्रमुख झाली म्हणते," लोमेश ताटाकडे पाहत म्हणाला. "दगडाले पण मान भेटते कधी कधी."

*

लोमेश रहांगडाले टाक्यांवर ऑपरेटर होता आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचा. खलनायक, कधी पोलीस पाटील. हजारभर माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत रडणं कसं पोचवायचं ते त्याला येत होतं. म्हणून एकत्र राहिलेल्या जोडप्यांपैकी योगेश पटले पहिल्यांदा त्याच्याकडेच आला.

"भाऊ, मले शिकवा. बायको चार दिवसांपासून बोलत नाही."

"काय शिकवू?"

"वळाचं कसं ते."

लोमेश हसला, आणि मग त्याने खरंच शिकवलं. व्हॉलीबॉलच्या मैदानावर, रविवारी सकाळी. मोबाइलवर सायरन लावायचा. "विचार नाही कराचा. आवाज कानात पडला की बायको कुठं उभी आहे तिकडं खांदा. छातीतून वळाचं, मानेतून नाही. पाय मागून येईल." योगेशला जमेना. तो सायरन वाजला की आधी लोमेशच्या तोंडाकडे पाहायचा, बरोबर झालं का विचारल्यासारखं.

"अबे, माझ्याकडं काय पाहतेस? मी का तुझी बायको आहो?"

"सवय होऊन राहिली, भाऊ."

बाकीचे पोट धरून हसले. पुढच्या रविवारी आणखी दोघे आले, त्याच्या पुढच्या रविवारी बायकाही. योगेश दर वेळी असायचा. तालीम संपली की दोघे लोमेशच्या ओट्यावर चहा प्यायचे. योगेशला नाटकाचा नाद लागला. त्या वर्षी मंडईत त्याने लोमेशच्या हाताखाली हवालदाराचं काम केलं, एकच वाक्य, तेही चुकलं. फेब्रुवारीत चार्ट बदलला. भूमिता बी शिफ्टला गेली. योगेशने कॉलनीत पेढे वाटले.

लोमेशने तेवढ्यांना शिकवलं आणि स्वतः कधी वळला नाही.

*

"एक डाव," तो हेमेश्वरीला म्हणाला. "दोन-तीन सराव. तू माझ्याकडं वळ, मी तुझ्याकडं वळतो. चार्ट बदलते. संपलं."

"आणि खऱ्या दिवशी?"

"खऱ्या दिवशी खरं कराचं."

"अंगाले दोन गोष्टी नाही शिकवता येत, ओ. एकदा वळाची सवय लागली की ते वळते. तुम्हीच तर शिकवता, विचार नाही कराचा म्हणून."

"इतके जण करून राहिले."

"मी पथकात आहो."

"तू माझी बायको आहेस," लोमेश म्हणाला. आवाज चढवून नाही. नाटकात तो असा आवाज कधीच लावत नसे, कारण तो पहिल्या रांगेपलीकडे गेला नसता. "लोक मले विचारतात, हेमे. पोट्टे विचारतात. वहिनी तुमच्यासाठी आत येईन का म्हणून."

ती कणीक मळत होती. थांबली.

"येईन," ती म्हणाली. "चार मिनिटांनी."

तो उठून ओट्यावर गेला. "मग तू वळशीन तेव्हाच मी वळीन," त्याने बाहेरूनच सांगितलं.

त्यानंतरच्या सगळ्या सरावांत दोघे दोन खांबांसारखे उभे राहिले. एकत्र ठेवलेलं जोडपं आता हे एकच.

*

चौदा जुलै. मंगळवार. आम्लाने धुण्याच्या विभागातला एक व्हॉल्व्ह रात्रीपासून झिरपत होता. ते पाणी नालीने टाक्यांखालच्या खड्ड्यात उतरत राहिलं, जिथे सांडलेला चिखल जमा होतो. आम्ल मोजणाऱ्या काठीवर चुन्याचा थर चढलेला होता, त्यामुळे पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं.

१०:४१. खड्ड्यातला पंप अडकला. लोमेश पायऱ्या उतरला.

१०:४२:०५. लोमेशच्या छातीवरचा वायुमापक वाजला. पाठोपाठ सायरन. तोच सायरन, सरावाचा.

१०:४२:०६. हेमेश्वरी बचाव कक्षाच्या दारात. खड्डा साठ मीटरवर, सरळ समोर.

१०:४२:०९. कॅमेरा तीन. लोमेश पायऱ्यांच्या तळाशी बसतो. मग आडवा होतो.

१०:४२:११. हेमेश्वरी आत वळते. रेडिओवर : "खरं आहे. सराव नाही. खड्ड्यापासून दूर व्हा. वारा पश्चिमेचा. पूर्वेले कोणी थांबू नका."

१०:४२:१५. योगेश पटले, टाक्यांच्या मचाणावर, खड्ड्यापासून बारा मीटर.

१०:४२:१६. हेमेश्वरी : "योगेश भाऊजी, थांबा. मी येऊन राहिली. थांबा."

त्या वेळी भूमिता घरी होती. मैदानावर जिच्याकडे खांदा वळवायचा ती आवारातच नव्हती, म्हणजे सोंग करायचं कोणासाठी, हा प्रश्नच नव्हता.

१०:४२:२०. योगेश शिडीवरून उतरतो. पळतो.

१०:४२:३१. योगेश खड्ड्यात. लोमेशच्या काखेत हात घालून ओढतो. दोन पायऱ्या. तीन. लोमेशचं डोकं आणि खांदे काठाच्या वर येतात.

१०:४२:५४. योगेश खाली बसतो.

१०:४६:१५. हेमेश्वरी आणि तिची जोडीदार सुनंदा संचासह खड्ड्याच्या काठावर. चार मिनिटं दहा सेकंद.

१०:४६:५०. लोमेश बाहेर. श्वास चालू.

१०:४८:०२. लोमेशला इंजेक्शन.

१०:४८:४०. योगेश बाहेर.

लोमेश चार दिवसांनी दवाखान्यातून घरी आला. चेहरा, तळवे, डोळ्यांतलं पांढरं, सगळं लाल. त्याला पाहायला आलेली माणसं दारातच थबकायची.

*

योगेशची तेरवी झाल्यावर भूमिता हेमेश्वरीच्या घरी आली. बसली नाही. लोमेश आतल्या खोलीत होता आणि बाहेर आला नाही.

"ताई, मी कॅमेऱ्यात पाहिलं," ती म्हणाली. "तुम्ही हातमोजे घातले."

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"चेनही लावली. मग त्या दुसरीनं तुमची चेन पाहिली, तुम्ही तिची पाहिली."

"हो, भूमिता."

"तुमच्या घरचा वाचला. तो माह्या घरच्यानं वर ढकलला म्हणून वाचला. तुमच्या चार मिनिटानं नाही."

ते हेमेश्वरीने स्वतः पाहिलं होतं. काठाच्या वर पश्चिमेचा वारा होता, आणि लोमेशचं तोंड त्या वाऱ्यात होतं. योगेश गेला नसता तर ते खाली राहिलं असतं. योगेश थांबला असता तर तो आज ओट्यावर चहा पीत असता, आणि इथे दुसरी तेरवी झाली असती. कुठलंही वाक्य धरलं तरी त्याचं दुसरं टोक कोणाच्या तरी घरात जात होतं.

"एक सांगा," भूमिता म्हणाली. "तुमच्या हाताले काहीच नाही झालं का? थरथरले नाही?"

"नाही."

"सासू बरोबर बोलत होती मग."

*

"मला एक कळत नाही," नाकाडे मॅडम म्हणाल्या. चौकशीचे कागद टेबलभर पसरले होते. "पटल्यांचा तुमच्या मिस्टरांकडचा ओढांक अकरा होता. अकराचा माणूस असा पळत नाही. पंधरा सेकंदांत शिडी उतरला तो. यंत्राला दिसलं कसं नाही?"

हेमेश्वरी गप्प राहिली असती तर दोष यंत्रावर गेला असता. यंत्र काढून टाकलं असतं. कॉलनी खूश झाली असती, आणि पुढच्या वेळी कोण कोणामागे उतरेल हे कोणालाच कळलं नसतं.

"तालीम व्हायची, मॅडम. रविवारी. मैदानावर."

"कसली?"

"वळायची. बायकोकडं वळून दाखवायची. दर सरावात भाऊजी भूमिताकडं वळायचे. खरी ओढ कुठं होती ते त्याखाली झाकून गेलं." ती थांबली. "आणि ती ओढ लागली तीही तालमीमुळंच. आधी ते दोघं एकमेकाले नावानं पण ओळखत नव्हते."

"कोण घ्यायचं तालीम?"

"माझे मिस्टर."

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही, पण पेनचं टोपण काढून ठेवलं. मग पडदा हेमेश्वरीकडे वळवला.

"तुम्हाला पथकातून काढावं लागतंय. खऱ्या घटनेचं वजन यंत्र शंभर सरावांएवढं धरतं. हे पाहा."

पडद्यावर एक काळी बाहुली दारात उभी होती. १०:४२:०६. बाहुली पुढे झुकली, दाराबाहेर, इतकी की पडायला हवी होती. एक हात मागे राहिला होता. चौकटीवर.

"अठ्ठ्याऐंशी," मॅडम म्हणाल्या. "मिस्टरांकडे. तुम्ही आता त्यांच्या शिफ्टला चालत नाही. बचावाला तर नाहीच."

"पण मी थांबली ना."

"थांबलात."

"मग?"

"यंत्र थांबणं मोजत नाही हो. ओढ मोजतं. थांबणं पट्टीत येत नाही."

*

नवा चार्ट शनिवारी लागला. लोमेश रहांगडाले, ए शिफ्ट, चौकशी पूर्ण होईपर्यंत गोदामात. हेमेश्वरी रहांगडाले, बी शिफ्ट, चुना विभाग. नळावर कोणी तरी म्हणालं, बाप्पा, हेही वेगळे झाले. कोणी हसलं नाही. पेढ्यांचा विषय निघाला नाही.

दुपारी दोनला लोमेश घरी यायचा आणि ती निघायची. दारात पाच मिनिटं गाठ पडायची. तिसऱ्या दिवशी तो दार अडवून उभा राहिला. चेहऱ्यावरचा लाल रंग ओसरत आला होता, कानांच्या पाळ्यांवर तेवढा शिल्लक होता.

"मॅडमले तू सांगितलं."

"हो."

"तिथं नाही थांबली."

"नाही."

त्याने मान हलवली. भांडायची तयारी करून आल्यासारखा दिसत होता, पण ते त्याने सोडून दिलं. "त्याले वाक्य पाठ करून देत होतो मी," तो म्हणाला. "या वर्षी दोन वाक्यं द्याचा विचार होता." मग म्हणाला, "चार मिनिटं काय करत होतीस? सगळं सांग. एकेक."

तिने डबा खाली ठेवला.

"पोशाखात पाय घातले. उजवा मग डावा. चेन वर घेतली. टाकी पाठीवर. पट्टे ओढले, आधी कमरेचा, मग खांद्याचे. प्रेशर पाहिलं, दोनशे नव्वद होतं. मुखवटा लावला. तळहातानं नळी दाबून श्वास घेतला, हवा कुठून येते का ते पाहाले. केसांची एक बट अडकली होती. मुखवटा काढला, बट आत सारली, परत लावला. त्यात अकरा सेकंद गेले."

"मग?"

"हातमोजे. मग सुनंदानं मले तपासलं, मी तिले. तिचा एक पट्टा पिळलेला होता. तो सरळ केला. इंजेक्शनची पेटी घेतली. निघालो. पळालो नाही, संच घालून पळता येत नाही."

"माझ्याकडं पाहत होतीस का? पडद्यावर?"

"नाही. पडद्याकडं पाठ केली होती."

लोमेश तिच्या हातांकडे पाहत राहिला. उजव्या हाताची दोन नखं तुटलेली होती, मुळाशी काळी पडलेली. भूमिताला ती दिसली नव्हती. त्यालाही तीन आठवडे दिसली नव्हती.

"हे काय झालं?"

"दाराची चौकट," ती म्हणाली, आणि डबा उचलला, कारण दोन वाजून सहा मिनिटं झाली होती.

*

मे २०२८ मध्ये परसोडी गावातल्या एका विहिरीत इंजिनाच्या धुराने एकामागून एक तीन माणसं पडली : बाप, त्याला काढायला उतरलेला मुलगा, आणि मुलाला काढायला उतरलेला शेजारी. चौथी उतरायला निघालेली बाई वाचली, कारण तिच्या एकवीस वर्षांच्या मुलीने तिला मागून धरून ठेवलं आणि गावकरी येईपर्यंत सोडलं नाही. मुलीचं तेव्हाचं, लग्नाआधीचं नाव हेमेश्वरी बिसेन, आणि आई पुढे आठ वर्षं जगली, पण तिच्याशी बोलली नाही.